सफाई कामगारांची कंबरदुखी : दोष वयाचा की खराट्याचा?

आपल्या वस्त्यांतील अनेक घरांतून माणसे पहाटेच हजेरीसाठी बाहेर पडतात. रस्ते झाडणे, घमेल्याने कचरा उचलणे, गाडी ओढणे यात वीस-पंचवीस वर्षे गेली की कंबर धरते. मग "वय झालं" म्हणत बाम चोळला जातो. हे निदान अपुरे आहे.

कमरेच्या मणक्यांमध्ये मऊ चकत्या असतात. माणूस वाकला की धडाचे वजन सावरण्यासाठी पाठीचे स्नायू आवळतात आणि त्याचा दाब या चकत्यांवर येतो. आखूड खराट्याने झाडणारा कामगार तासन् तास याच स्थितीत असतो. भरलेले घमेले अंगापासून लांब धरून, कंबर पिळत गाडीत रिकामे करणे तर फारच घातक. चकती सरकून शिरेवर दाब आला की कळ मांडीतून थेट पोटरीपर्यंत जाते. यालाच सायटिका म्हणतात.

एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. रात्री आडवे असताना चकत्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकण्याचा ताण त्यांच्यावर अधिक पडतो. 1998 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सकाळचे वाकणे टाळणाऱ्या जुनाट रुग्णांची कंबरदुखी कमी झालेली आढळली. आपल्या कामगाराचे काम तर नेमके तेव्हाच सुरू होते!

म्हणून खराट्याला उभ्याने झाडता येईल एवढा लांब बांबू हवा. (पुष्कळ कामगार तो पदरच्या पैशाने बांधतात. वास्तविक ही कामावर ठेवणाऱ्याची जबाबदारी आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला नोकरी मिळते, पण आखूड खराटाही वारशाने का यावा?) घमेले अर्धेच भरावे, अंगाशी धरावे, वळताना पावले वळवावीत. गाडी शक्यतो ढकलावी. निव्वळ कमरेचा पट्टा बांधल्याने दुखणे टळते, याला भक्कम पुरावा नाही. दुखू लागल्यास दिवसचे दिवस पडून राहू नये, झेपेल तेवढे चालावे. मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती गेली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

विद्यार्थी मित्रांनो, आई-वडिलांबरोबर दवाखान्यात तुम्ही जा. रोज किती तास वाकून काम होते, काय उचलावे लागते, हे डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. पुढे हलके काम मागताना अर्जाला तोच कागद जोडता येतो.