ट्रॅकवर गाताना ईको आपोआप कसा लावायचा

गणेशोत्सव, १४ एप्रिल, अंबडच्या मत्स्योदरी देवीचं नवरात्र असे दिवस आले की जालना जिल्ह्यात दोन गायक आणि लॅपटॉपमधले ट्रॅक एवढ्यावरही ऑर्केस्ट्रा उभा राहतो. ईको मात्र अजून साउंडवाल्याच्या हाती असतो. त्याला गाणं पाठ नसतं. मुखड्याच्या शेवटच्या शब्दावर हवा असलेला ईको पुढच्या ओळीवर पडतो, आणि गाणं संपून पाहुण्यांची नावं घ्यायला सुरुवात झाली तरी तसाच घुमत राहतो. ट्रॅक वाजवणाऱ्या लॅपटॉपलाच हे काम सांगता येतं.

त्यासाठी रीपरसारखं सॉफ्टवेअर आणि चार आउटपुट असलेला ऑडिओ इंटरफेस लागतो. पहिल्या दोन आउटपुटमधून ट्रॅक बाहेर पडेल, तिसऱ्या-चौथ्यातून फक्त ईको आणि रिव्हर्ब. गायकाचा माइक मात्र थेट मिक्सरलाच लावा. मिक्सरच्या ऑक्समधून त्या आवाजाची एक वाट इंटरफेसच्या इनपुटला न्या आणि परत आलेला ईको मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलवर घ्या. त्या चॅनेलचा तोच ऑक्स पूर्ण बंद ठेवा, नाहीतर ईको पुन्हा लॅपटॉपमध्ये शिरून गरगरत राहील.

मूळ आवाज लॅपटॉपमधून न्यायचाच नाही, हा माझा आग्रह आहे. ४८ किलोहर्ट्झवर बफर २५६ ठेवला तर आवाज आत जाताना सुमारे ५ मिलिसेकंद आणि बाहेर येताना तितकेच जातात. इंटरफेसचा वेळ वेगळा. मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज असा मागून आला की गायक बिचकतो. ईको मुळात उशिराच यायचा असतो, त्यामुळे त्याच्यात एवढा उशीर कुणाला जाणवत नाही. शिवाय लॅपटॉप अडकला तरी गायकाचा आवाज जात नाही.

रीपरमध्ये माइकचा ट्रॅक आर्म करून मॉनिटरिंग चालू करा, पण रेकॉर्डिंग बंद ठेवा. या ट्रॅकचा मास्टर सेंड काढून टाका. मग ईको आणि रिव्हर्बसाठी दोन वेगळे ट्रॅक करा, दोन्हींत ड्राय शून्य ठेवा आणि माइकच्या ट्रॅकवरून त्यांना सेंड द्या.

आता खरं काम. ऑटोमेशनची रेघ ईकोच्या आउटपुटवर काढू नका, सेंडवर काढा. मुखड्याचा शेवटचा शब्द सुरू होताना सेंड उघडायचा, शब्द संपताच बंद करायचा. आत गेलेला तो एकच शब्द पुढच्या रिकाम्या जागेत विरत जातो आणि नवी ओळ कोरी, स्वच्छ सुरू होते. आउटपुट बंद केलं असतं तर शेपूट मध्येच तुटलं असतं. गाणं संपलं की दोन्ही सेंड शून्यावर आणा. निवेदन कोरड्या आवाजातच व्हायला हवं.

ईकोचं अंतर लयीवरून काढतात: ६०,००० भागिले मिनिटाचे ठोके. लय ९६ असेल तर ६२५ मिलिसेकंद, १२० असेल तर ५००. ट्रॅकमधली ढोलकी माणसाने वाजवलेली असेल तर लय थोडी हलते, पण ऑटोमेशन वेळेला बांधलेलं असल्यामुळे शब्द चुकत नाही. अंतर कानाने जुळवून घ्या.

किती ईको, हे साउंडवाल्याच्या फेडरवरच राहू द्या. उघड्या मैदानात आवाजाला भिंत नसते, तिथे रिव्हर्ब जास्त लागतो. पत्र्याच्या मंगल कार्यालयात सभागृहच इतकं घुमतं की रिव्हर्ब जवळजवळ नकोच. मॉनिटरमध्ये ईको सोडू नका, माइक शिट्टी मारायला तेवढंही पुरतं.

वन्स मोअर आला तर अडायला नको म्हणून प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला मार्कर टाका. रीपरमध्ये कीबोर्डवरचा आकडा दाबला की त्या क्रमांकाच्या मार्करवर जाता येतं. गोंधळ किंवा भारूड असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. तिथे गायक मनात येईल तेव्हा थांबतो, लोकांशी बोलतो, लय वाढवतो. त्याच्यासोबत हातानेच ईको उघडणारा माणूस हवा.