वाचलेले कळले पाहिजे



मी शिक्षक नाही. माझी स्वतःची शाळा सातवीला सुटली आणि पुढची तीस वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. तेव्हा प्राथमिक शाळेतील वाचन आणि भाषा या विषयावर मी बोलावे, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. परंतु शाळेत जे पेरले जाते त्याचे पीक पंधरा-वीस वर्षांनी कारखान्याच्या दारात आमच्या पदरी येते. त्या पिकाचा हिशेब आपल्यापुढे मांडावा, एवढ्यासाठी मी उभा आहे.

एक प्रसंग सांगतो. 1998 साली या भागातल्या एका गिरणीतील सहकारी संध्याकाळी आमच्या कचेरीत आला. हातात एका कागदाची नक्कल होती. सणाची उचल मिळाली, तिची ही पावती, असे तो म्हणाला. मी त्याला कागद मोठ्याने वाचायला सांगितला. सातवी पास माणूस; एकही अक्षर न चुकता त्याने वाचले की, नोकरीसंबंधीच्या सर्व देय रकमा पूर्ण व अंतिम मिळाल्या असून यापुढे आपली कोणतीही मागणी राहिलेली नाही. मी विचारले, "काय लिहिलंय यात?" तो म्हणाला, "वाचलं की अण्णा. कळायचं काम तुमचं."

अकरा वर्षांच्या नोकरीवर त्याने सही केली होती. आम्ही भांडलो; पण सही त्याचीच होती.

कारखान्याचे स्थायी आदेश बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फलकावर लावावेत, अशी तरतूद 1946 च्या कायद्यात होती. फलक लागत, मराठीत लागत आणि त्याखाली उभे राहून माणसे मला विचारत, "काय म्हणतंय हे?" या माणसांना निरक्षर कोण म्हणेल? जनगणनेत ती साक्षरच. जनगणनेची व्याख्या मात्र 'समजून' वाचता-लिहिता येणे अशी आहे. पण दारात आलेला गणक काही कोणाला वाचायला लावून पाहत नाही.

आता हे असे का होते, ते पाहू. माझ्या समजुतीप्रमाणे यात आपल्या लिपीच्या गुणाचाही थोडा दोष आहे. मराठी बहुतांशी जशी लिहिली तशी वाचली जाते. मुळाक्षरे, बाराखडी आणि जोडाक्षरे एकदा घोटली, की मूल कोणताही मजकूर उच्चारू शकते, अर्थ कळो वा न कळो. मूल घडाघड वाचताना दिसले की गुरुजी समाधानी, पालक समाधानी. अपयश झाकले जाते आणि ते झाकलेले आहे हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

दुसरीकडे, ज्या मुलाला उच्चारही जमत नाही त्याची अडचण निराळी. मुळाक्षरांचा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे, कंठापासून ओठांपर्यंत. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो फार सुंदर आहे, पण सहा वर्षांच्या मुलासाठी तो लावलेला नाही. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' दिसायला भावंडे. ऱ्हस्व वेलांटी बोलताना मागून येते, लिहिताना आधी. 'र' तर जोडाक्षरात नाना रूपे घेतो: कर्ज, चक्र, ट्रक, सुऱ्या. सगळी मुळाक्षरे, मग सगळी बाराखडी, मग शब्द, असा क्रम धरला तर पहिले अर्थपूर्ण वाक्य भेटेपर्यंत कित्येक महिने जातात. तोवर मुलाची समजूत पक्की होते की, वाचन म्हणजे फळ्याकडे पाहून सर्वांबरोबर ओरडणे.

यावर सातारा जिल्ह्यात, फलटणला, झालेले काम मला फार मोलाचे वाटते. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन बाई. फलटणच्या लोकांच्या बोलण्यात समाजाप्रमाणे काय फरक पडतात, यावर त्यांनी 1973 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला प्रबंध सादर केला. नंतर त्या भारताच्या नागरिक झाल्या. शाळेत जाऊनही वाचता न येणारी गरीब वस्तीतली मुले त्यांनी पाहिली आणि त्यांच्यासाठी वर्ग सुरू केला. त्यातून पुढे प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. त्यांच्या पद्धतीचे मर्म असे की, थोडी अक्षरे आणि एखाददुसरी खूण एकदम घ्यायची आणि लगेच त्यांचे शब्द करायचे.

माझ्या पद्धतीने उदाहरण देतो. क, म, ल, ब, आ आणि काना, एवढेच घ्या. मामा, काका, बाबा, काम, माल, लाल इतके शब्द झाले. 'काल मामा आला' हे आख्खे वाक्य झाले! आता विचारा, कोण आला? कधी आला? मुलाला पहिल्याच महिन्यात कळते की, या रेघोट्यांत बातमी असते. एकदा ही गोडी लागली की उरलेली अक्षरे ते मूल मागून घेते.

दुसरी गोष्ट बोलीची. आपल्या शिरोळ तालुक्यात पोर घरी 'पानी' म्हणते, 'न्हाई' म्हणते. कोणाच्या घरी कन्नड असते. पहिल्याच दिवशी त्याला 'अशुद्ध बोलतोस' म्हटले, की ते तोंड मिटते. आणि जे बोलत नाही ते लिहिणार काय? ते 'पानी' म्हणाले तर गुरुजींनी म्हणावे, "बरोबर, पुस्तकात याला पाणी लिहितात." त्याने सांगितलेली हकीकत त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावी आणि त्यालाच वाचायला लावावी. आपलेच बोलणे डोळ्यांना दिसते, तेव्हा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. प्रमाणभाषा पुढे यावीच. तिच्यावाचून अर्ज नाही, करार नाही. पण ती घरच्या भाषेच्या खांद्यावर बसून येते, तिच्या छातीवर बसून नव्हे.

हे गाव शाहू महाराजांच्या काळात वसले. त्यांचे जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव त्याला मिळाले. त्याच महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा प्रश्न मूल शाळेत आणण्याचा होता. आज मूल शाळेत आहे. त्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न आहे. 'प्रथम' ही संस्था 2005 पासून देशाच्या ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासते. पाचवीतल्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी 2018 साली सुमारे 50 होती. करोनानंतर 2022 साली ती 43 वर आली आणि 2024 साली 49 पर्यंत सावरली. म्हणजे निम्मी मुले तीन इयत्ता मागे! आणि त्या तपासणीत मुख्यतः अडखळत न राहता वाचता येते का, एवढेच पाहतात. माझा गिरणीतला सहकारी त्यात पहिल्या नंबराने पास झाला असता.

याचा दोष मी गुरुजींच्या माथी मारणार नाही. शिक्षकही कामगारच आहे. एका खोलीत दोन इयत्ता, वर माहित्या, नोंदी, निवडणुकीची कामे. त्यातून शिकवायला उरलेला वेळ तो देतो. तो वेळ वाढवून मागणे, हे त्याचे आणि आपले समान गाऱ्हाणे असले पाहिजे.

पण आपल्या हातात काहीच नाही, असे समजू नका. मी वाचायला शिकलो तो शाळेबाहेर. आमच्या कचेरीत एक म्हातारे कार्यकर्ते होते. ते मला रोज वर्तमानपत्रातली एक बातमी वाचायला लावत आणि मग म्हणत, "आता पेपर पालथा घाल आणि मला सांग." पहिले पंधरा दिवस मला काही सांगता येईना. तीच माझी शाळा.

आज घरी गेल्यावर एवढे करा. पाचवीतल्या आपल्या मुलाला वा नातवाला त्याने न पाहिलेला दहा ओळींचा मजकूर द्या, मग पुस्तक पालथे घाला आणि म्हणा, "आता मला सांग." स्वतःला वाचता येत नसेल तरी हे करता येते, ऐकायला साक्षरता लागत नाही. आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने अनुदानित व सरकारी शाळांत व्यवस्थापन समिती नेमली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. पुढच्या बैठकीत छपराचा आणि खिचडीचा विषय संपला की उठून विचारा, "आमच्या चौथीतल्या किती मुलांना वाचलेलं कळतं?" उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. आम्ही युनियनवाले असेच करतो.