तुकडे किती, यंत्र किती?

गावात विहिरीचं काम निघालं, गटार खोदायचं ठरलं किंवा रस्त्याचं रुंदीकरण सुरू झालं की जेसीबी येतो, आणि जेसीबी आला की पोरं जमतात. मोठी माणसंही दोन मिनिटं थांबतात. २०१९ च्या मे महिन्यात जेसीबीचं खोदकाम बघणाऱ्या गर्दीवरून समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला होता, तो उगाच नव्हे. या ब्रिटिश कंपनीची यंत्रं १९७९ पासून भारतात तयार होतात आणि पुणे जिल्ह्यात तळेगावलाही तिचा कारखाना आहे. महाराष्ट्रातल्या मुलांना हे यंत्र चित्रातून ओळखावं लागत नाही. ते घराबाहेर उभं असतं. म्हणूनच खेळण्यांच्या दुकानात पोकलेन, डंपर, क्रेन यांना बारा महिने गिऱ्हाईक असतं आणि दिवाळीत तर विशेष.

अशा खेळण्यांत जोडून बनवायच्या विटांच्या संचांना आता मोठा मान आहे. डब्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: वय आणि तुकड्यांची संख्या. घेणारा बहुधा दुसऱ्या आकड्यावर भाळतो. हजारावर तुकडे आहेत म्हटलं की डबा वजनदार वाटतो, किंमतही पटते. पण बांधकामाच्या यंत्राचा संच पारखायला हा आकडा फारसा कामाचा नाही. पोकलेनचा बूम वर जातो तेव्हा तो कशामुळे जातो, हे मुलीला किंवा मुलाला दिसतं का, कळतं का, आणि बिघडलं तर स्वतः दुरुस्त करता येतं का? खरी कसोटी ही आहे. या कसोटीला लावलं तर काही लहान डबे मोठ्यांना सहज मागे टाकतात.

सुताराच्या कारखान्यातून

या संचांचं मूळ डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात आहे. ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुतारानं १९३२ मध्ये तिथे लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली आणि त्यातून लेगो कंपनी उभी राहिली. १९४९ मध्ये तिच्या पहिल्या प्लास्टिकच्या विटा आल्या, पण त्यांची पकड कच्ची होती. विटेच्या पोटात पोकळ नळ्या बसवून ही अडचण सोडवली गेली आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला. त्या रचनेची वीट आज घेतलेल्या विटेवरही बसते. १९६३ पासून एबीएस हे टणक, झटकन न झिजणारं प्लास्टिक वापरात आलं.

यंत्रांचे संच त्याआधीही होते. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये भोकांच्या धातूपट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या खेळाचं पेटंट घेतलं. तोच पुढे मेकॅनो म्हणून जगभर गेला आणि भारतातल्या घरांतही पोचला. नट-बोल्ट आवळून क्रेन उभी करणारी आपल्याकडची एक पिढी आज आजी-आजोबांच्या वयात आहे. लेगोनं १९७७ मध्ये दातेरी चाकं, आस आणि भोकांच्या पट्ट्या असलेली जी मालिका काढली, ती पुढे टेक्निक या नावानं ओळखली जाऊ लागली. तिच्या पहिल्याच वर्षीच्या संचांत ओझी उचलणारी फोर्कलिफ्ट होती. म्हणजे कामाची यंत्रं या मालिकेत अगदी पहिल्यापासून आहेत.

आठ मिलिमीटरचं गणित

टेक्निकच्या पट्टीवर दोन भोकांच्या मध्यांत बरोबर ८ मिलिमीटरचं अंतर असतं. दातेरी चाकं याच मापाशी जुळवून घडवलेली आहेत. ८ दातांच्या चाकाची त्रिज्या ४ मिलिमीटर, २४ दातांच्या चाकाची १२ मिलिमीटर. दोन्हींची बेरीज १६, म्हणजे बरोबर दोन भोकांचं अंतर. ८ आणि ४० दातांची जोडी तीन भोकांवर बसते, २४ आणि ४० ची चार भोकांवर. शाळेत पाटीवर न पटलेलं गुणोत्तर इथे बोटांना कळतं: लहान चाक तीन वेळा फिरलं की मोठं एकदा फिरतं, वेग कमी होतो आणि जोर वाढतो.

त्यातही सगळ्यात शिकवणारा तुकडा म्हणजे वर्म गिअर, स्क्रूसारखे आटे असलेला दंडगोल. तो २४ दातांच्या चाकाला लावला तर चोवीस फेऱ्यांनंतर ते चाक एक फेरी पूर्ण करतं. गंमत पुढे आहे. वर्म फिरवून चाक फिरवता येतं, पण चाक ढकलून वर्म फिरत नाही. क्रेनच्या दोराला या जोडीनं ओझं उचललं आणि हात सोडला, तरी ओझं जिथल्या तिथे लटकून राहतं. चांगल्या संचात ही जोडी अशा ठिकाणी असते की मूल बाजूनं डोकावून ती बघू शकतं. वाईट संचात ती झाकणाखाली बंद असते आणि मुलाला बाहेर फक्त एक खुंटी दिसते.

हवा की स्क्रू?

खऱ्या पोकलेनमध्ये डिझेल इंजिन पंप चालवतं, पंप तेलाला दाब देतो आणि ऑपरेटरनं दांडा ढकलला की झडप उघडून ते तेल सिलिंडरमध्ये शिरतं. दट्ट्या बाहेर सरकतो, बूम उचलला जातो. संपूर्ण हायड्रॉलिक आणि गोल फिरणारं असं उत्खनन यंत्र फ्रान्सच्या पोकलेन कंपनीनं १९६१ मध्ये आणलं आणि दोर-कप्प्यांवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांचे दिवस भरले. तेव्हा पोकलेनचं खेळणं घ्यायचं तर सिलिंडर आणि झडप यांची गोष्ट त्यात आलीच पाहिजे.

लेगोनं १९८४ मध्ये हवेवर चालणारे सिलिंडर आणले. त्यांचा सुंदर वापर २००३ च्या ८४५५ क्रमांकाच्या बॅकहो लोडर संचात दिसतो. तुकडे फक्त ७०४. आपल्याकडे रस्त्यारस्त्यांवर दिसतो त्याच जातीचा हा जेसीबी: पुढे रुंद बकेट, मागे खोदणारा हात, जमिनीवर टेकायचे पाय. हातपंप दाबत राहायचा, नळ्यांत हवा भरत जाते. झडपेची खिटी एका बाजूला केली की हवा सिलिंडरच्या एका टोकाला जाते आणि दुसऱ्या टोकाची बाहेर सुटते. हात वर येतो. खिटी उलट केली की खाली जातो. मध्ये ठेवली की तिथेच थांबतो. जोडताना दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर वर जायचा तो हात खाली येतो, आणि मग मूल बोटानं नळी धरून पंपापासून सिलिंडरपर्यंतची वाट तपासत बसतं. यंत्राचा खरा अभ्यास त्या क्षणी सुरू होतो.

या रचनेत एक उणीव आहे. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबलं जात नाही. म्हणून खऱ्या यंत्राचा हात संथ, एकसारखा हलतो, तर हवेवरचा हात आधी थबकतो आणि मग एकदम उसळतो. तत्त्व खरं, चाल मात्र खोटी.

२००८ मध्ये यावर दुसरा उपाय आला: रेषीय सरकदांडा. दिसतो सिलिंडरसारखाच, पण पोटात लांब स्क्रू असतो. चाक फिरवलं की दांडा मिलिमीटरच्या अंशानं बाहेर सरकतो आणि सोडला तिथेच टिकून राहतो. टोकाला पोचल्यावर आतला क्लच सुटतो, त्यामुळे तुकडा मोडत नाही. चाल अगदी खऱ्या पोकलेनसारखी संथ. पण खऱ्या यंत्रात तिथे स्क्रू नसतो. म्हणजे इथे चाल खरी आणि तत्त्व खोटं.

दोन्हींत निवड करायची तर शिकण्यासाठी हवा सरस आहे. २०१५ चा ४२०५३ हा व्होल्वोच्या चाकांवरच्या उत्खनन यंत्राचा १,१६६ तुकड्यांचा संच हवेवर चालतो आणि या बाबतीत उत्तम आहे. लहान मुलांसाठी, ज्यांना पंप मारत बसायचा कंटाळा येतो आणि खेळायची घाई असते, त्यांच्यासाठी सरकदांडा बरा. २०२१ चा ४२१२१ हा ५६९ तुकड्यांचा पोकलेन त्याचं चांगलं उदाहरण. मोटर नाही, बॅटरी नाही. चाकं फिरवायची आणि बूम हलताना बघायचा. तोच डबा उघडून त्याच तुकड्यांचा साखळीपट्ट्यावरचा ट्रॅक्टरही होतो.

मोठ्या डब्यांचा हिशेब

आता दिमाखदार डब्यांकडे वळू. २०१९ मध्ये आलेला ४२१०० हा लीबहेरच्या आर ९८०० यंत्राचा संच ४,१०८ तुकड्यांचा आहे. मूळ यंत्र फ्रान्समधल्या कोलमारला बनतं, खुल्या खाणींत चालतं आणि त्याचं वजन ८०० टनांच्या घरात आहे. संचात सात मोटर आणि दोन नियंत्रण पेट्या आहेत, आणि प्रत्येक पेटीत सहा सेल लागतात. उभा राहिलेला पोकलेन बघताना डोळे विस्फारतात यात शंका नाही. पण त्याला चालवायला डब्यात रिमोट नाही. फोनवर ॲप घ्यावं लागतं, ब्लूटूथनं जोडावं लागतं आणि बूम हलतो तो काचेवर बोट सरकवल्यावर. हाताला यंत्राचा जोर जाणवत नाही. शिवाय ॲप चालतं ते फोनच्या प्रणालीशी जुळत राहील तोवरच. विटा पन्नास वर्षं टिकतात, ॲपची अशी हमी कोण देणार? २०२३ ची ४२१४६ ही लीबहेरची क्रेनही ॲपवरच चालते. उंची मीटरभर, तुकडे २,८८३ आणि युरोपातली किंमत सुमारे ६८० युरो. चार वर्षं आधीच्या ४,१०८ तुकड्यांच्या पोकलेनची किंमत सुमारे ४५० युरो होती. तुकड्यांचा आकडा किमतीचंही माप नाही, हे यावरून स्पष्ट व्हावं.

मोठा डबा म्हणून तो वाईटच, असा याचा अर्थ मुळीच नाही. २०१६ चा ४२०५५ हा ३,९२९ तुकड्यांचा संच बादल्यांच्या चाकानं खोदणाऱ्या महाकाय यंत्राचा आहे. अशी यंत्रं जर्मनीतल्या लिग्नाइटच्या खाणींत आणि तमिळनाडूत नेयवेलीला काम करतात. या संचात चाक फिरतं, बादल्या छोटे तुकडे उचलतात, ते पट्ट्यावर पडतात आणि पट्टा त्यांना पुढे नेऊन टाकतो. सगळा प्रवास उघड्या डोळ्यांनी दिसतो. इथे प्रत्येक तुकडा आपलं काम करतो. डौल आणि यंत्र एकत्र आले की मोठा संच असा बनतो.

डबा हातात घेण्याआधी

आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. बाहेरून येणारा संच म्हणूनच महाग पडतो आणि दुकानात त्याच्याशेजारी त्याच धाटणीचे स्वस्त डबे असतात. मूळ विटेच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानंही २०१० मध्ये विटेचा आकार व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवता येणार नाही असा निर्णय दिला. त्यामुळे दुसऱ्या कंपनीची वीट म्हणजे बनावट असं नाही. पारखायचा तो दर्जा.

पारख सोपी आहे. आस भोकात घालून फिरवावी: ती सैल डुगडुगू नये आणि अडकूही नये. दोन विटा जोडून उलट्या धराव्यात, मग हातानं सोडवाव्यात. पकड हवी, पण दातांनी ओढायची वेळ येऊ नये. पिनांच्या कडेला प्लास्टिकचे तुरे राहिले असतील तर डबा परत करावा, कारण दातेरी चाकांच्या संचात एक घट्ट पिनसुद्धा अख्खी साखळी अडवते. पायऱ्यांची पुस्तिका उघडून पाहावी. प्रत्येक पायरीला नवे तुकडे वेगळे दाखवले नसतील तर आठ-नऊ वर्षांचं मूल मध्येच वैतागून उठतं.

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचं आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते नसलेला डबा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती बारीक तुकडे देऊच नयेत, मग घरातलं मोठं भावंड कितीही सांभाळून खेळत असो. त्या वयासाठी दुपटीच्या मापाच्या विटा १९६९ पासून मिळतात. त्यांत डंपर आणि बुलडोझरही असतात.

ज्या घरात असा डबा येणं शक्य नाही तिथेही पोकलेन बनू शकतो. सुया काढलेल्या नव्या सिरिंज, सलाइनची नळी आणि पाणी एवढ्यावर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलं खोदणारा हात चालवतात. पाणी दाबलं जात नसल्यानं त्या हाताची चाल हवेवरच्या संचापेक्षा खऱ्या यंत्राच्या अधिक जवळ जाते. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून मेकॅनो बनवायला कितीतरी मुलांना शिकवलं. त्यांची शेकडो खेळणी कुणालाही फुकट बघता येतात.

थोडक्यात निकाल असा. तीन वर्षांपर्यंत मोठ्या विटांचा डंपर पुरेसा आहे. सहा-सात वर्षांना शे-दोनशे तुकड्यांचं, हातानं चालणारं यंत्र द्यावं. नऊ-दहा वर्षांना सरकदांड्याचा पोकलेन आणि बाराच्या पुढे हवेवरचा जेसीबी, नवा नाही मिळाला तर वापरलेला चालेल. फक्त नळ्या आणि सिलिंडर तपासून घ्यावेत. ॲपवर चालणारे हजारो रुपयांचे संच मोठ्यांच्या हौसेसाठी ठीक आहेत. मुलांसाठी यंदा डबा घेताना तुकडे मोजू नका. दुकानदाराला एवढंच विचारा, यातले किती भाग हलतात आणि ते कशानं हलतात.