बासरीवरील शुद्ध मध्यम : अडचण आणि उपाय

सुषिर वाद्यांत बासरी सर्वांत सोपी समजली जाते. तिला ना तार, ना खुंटी, ना पट्टी. परंतु वैनगंगेकाठच्या कारधा येथे काही मुलांना तिचे प्राथमिक धडे देताना प्रस्तुत लेखकास असे आढळले की, षड्जापासून गांधारापर्यंत सहज आलेला विद्यार्थी शुद्ध मध्यमापाशी हटकून अडतो. एकाने तर या एका स्वरापायी बासरी कायमची ठेवून दिली. सदर अडचणीचे मूळ कोठे आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

सहा छिद्रांच्या बासरीवर वरची तीन छिद्रे बंद केली असता षड्ज, दोन बंद असता ऋषभ आणि एकच बंद असता गांधार मिळतो. सर्व छिद्रे उघडली की मात्र तीव्र मध्यम येतो. शुद्ध मध्यमासाठी स्वतंत्र छिद्रच नाही. पहिले छिद्र अर्धे झाकून तो काढावा लागतो. बोट किंचित सरकले तरी स्वर गांधाराकडे वा तीव्र मध्यमाकडे झुकतो. शिवाय या वेळी उरलेली बोटे उचललेली असल्याने बासरीला आधार कमी पडतो व ती ओठांवरच हलते. भीमपलासी, बागेश्री या रागांत तर मध्यम हाच वादी!

दोष बासरीचा, असे मानण्याचा मोह होतो. लेखकाने स्वतः एकदा कानशीने पहिले छिद्र मोठे केले. शुद्ध मध्यमाची अस्थिरता तशीच राहिली आणि तीव्र मध्यम मात्र चढा झाला. बासरी वाया गेली. आपल्याकडचा मानवेल बांबू बहुधा भरीव वा जाड भिंतीचा असल्याने बासरीस उपयोगी पडत नाही. लांब पेरांचा, पातळ भिंतीचा बांबू आसामकडून येतो. त्यामुळे हे नुकसान अधिकच जाणवले.

छिद्र वाढविण्याचा यशस्वी प्रयोगही झाला आहे. पण तो निराळ्या हेतूने. पन्नालाल घोष (1911–1960) यांनी खालच्या बाजूस करंगळीसाठी सातवे छिद्र योजले. त्यामुळे मंद्र तीव्र मध्यम मिळू लागला आणि तीव्र मध्यमावरून पंचमावर मींड घेणे साधले. शुद्ध मध्यम तेथेही अर्ध्या छिद्रावरच राहिला.

उपाय बोटात व कानात आहे. बोट उचलू नये. त्याचे पेर छिद्रावरून हळूच कलते करावे. खालच्या हाताची करंगळी बासरीला टेकलेली ठेवावी. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात मिळवून त्यावर दीर्घ स्वर लावावा. स्वर चुकला की मिश्र नादात लहरी ऐकू येतात आणि जुळला की त्या थांबतात. फुंक मात्र गांधाराइतकीच ठेवावी, कारण नवशिका येथे नकळत जोर वाढवितो.

हिवाळ्यातील पहाटे सारेच स्वर उतरलेले वाटले, तर बोटाला दोष देऊ नये. तापमान 10 अंशांनी घटले की हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 6 मीटरने कमी होतो. अशा वेळी बासरी काही मिनिटे फुंकून उबदार करावी आणि मगच मध्यमाला हात घालावा.