विंचवाचा दंश व औषधाची कसोटी

भातकापणीचे दिवस आले म्हणजे महाड-पोलादपूरच्या बाजूस खेड्यापाड्यांतून एक जुनी भीति पुन्हां जागी होते. पेंढ्याच्या भाऱ्याखालीं, दगडी गडग्याच्या फटींत, चुलीपाशीं रचलेल्या लाकूडफाट्यांत, क्वचित् अंथरुणाच्या घडींतही तांबडा विंचू दडून बसलेला असतो. दिसण्यांत मोठा काळा विंचू अधिक भयंकर. परंतु मारक विष असतें तें या लहानशा तांबड्याचें. दंश झाला कीं घरचीं माणसें रोग्याच्या ओरडण्यावरून दंशाची तीव्रता ठरवितात, आणि येथेंच चूक होते. ज्याच्या अंगांत विष खोल भिनलें आहे त्याला पुष्कळदा दंशाच्या जागीं वेदना बेताचीच असते. मात्र त्याला दरदरून घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, हातपाय थंड पडतात आणि नाडी जलद चालूं लागते. लहान मूल अशा वेळीं कांहीं तासांतच हातचें जातें.

१९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रांत रुजू झाले, तेव्हां या जिल्ह्याचें नांव कुलाबा असें होतें. रायगड हें नांव १९८१ मध्यें पडलें. मराठवाड्यांतून आलेल्या या तरुण डॉक्टरांपुढें विंचूदंशाचे रोगी येत, आणि त्यांतील कित्येक डोळ्यांदेखत दगावत. त्या वेळच्या पाठ्यपुस्तकांत या विषयावर फारसें मार्गदर्शन सांपडत नसे. तेव्हां डॉक्टरांनीं जें कोणासही करतां येण्यासारखें असतें, पण फार थोडे करतात, तें केलें. रोग्याच्या खाटेजवळ रात्ररात्र बसून त्यांनीं नाडी, रक्तदाब, श्वास व घाम यांच्या नोंदी ठेवण्यास आरंभ केला. या नोंदींवर आधारलेला त्यांचा लेख १९८२ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' या साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. हें वैद्यकीय साप्ताहिक जगभर वाचलें जातें.

विष अंगांत शिरतांच मज्जातंतू भडकतात व शरीरांतील उत्तेजक द्रव्यांचा जणूं लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्तदाब चढतो, आणि या आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलतां ढकलतां हृदय थकून जातें. मग फुफ्फुसांत पाणी भरतें, तोंडाला गुलाबी फेंस येतो आणि रोगी जणूं कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. हें एकदां ध्यानांत आल्यावर उपायाची दिशाही दिसूं लागली. रक्तदाबाच्या विकारावर दिली जाणारी प्रॅझोसिन नांवाची स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. तिचा विंचूदंशावरील उपयोग बावस्करांनीं १९८६ सालीं 'लॅन्सेट'मधूनच जगापुढें मांडला. गंभीर दंशाच्या रोग्यांत पूर्वीं शेंकडा तीसच्या घरांत असलेलें मृत्यूंचें प्रमाण पुढें शेंकडा एकच्या आसपास उतरलें.

आतां एखादा चिकित्सक मनुष्य विचारील कीं, हें औषधानेंच झालें कशावरून? प्रश्न उद्धट वाटला तरी तो योग्य आहे. गांवोगांवीं विंचू उतरविणारे मांत्रिक असतात व त्यांची ख्यातिही मोठी असते. समजा, शंभर माणसांना विंचू चावला आणि त्यांतील नव्वदांच्या अंगांत विष फारसें भिनलेंच नाहीं. हे नव्वद जण मांत्रिकाकडे गेले तरी बरे होणार, देवळांत गेले तरी बरे होणार, आणि ओसरीवर नुसते बसून राहिले तरीही बरे होणार. पण मांत्रिकाकडे गेलेले त्याचे गुण गातात. जे मेले ते कांहीं सांगावयास येत नाहींत. अशी कीर्ति मिळविण्यास मंत्र यावा लागत नाहीं. सुशिक्षित डॉक्टरही याच मोहांत सांपडूं शकतो. किंबहुना त्याला हा मोह अधिक, कारण त्याच्या हातांत पिचकारी असते आणि समोर बरा झालेला रोगी हात जोडून उभा असतो.

'पूर्वीं इतके मरत, आतां इतके मरतात' हा पुरावा मांत्रिकाच्या पुराव्याहून पुष्कळच भक्कम खरा. पण त्यांतही फट राहते. मधल्या काळांत रस्ते झाले, रोगी लवकर पोहोंचूं लागला, शुश्रूषा सुधारली. औषधाचा वांटा किती व रस्त्याचा किती, हें केवळ आंकड्यांवरून सांगतां येत नाहीं. यासाठीं एकाच वेळीं, एकाच ठिकाणीं, सारख्या स्थितींतल्या रोग्यांची तुलना करावी लागते. १७४७ सालीं जेम्स लिंड या आरमारी वैद्यानें रक्तपिती झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या पाडल्या व प्रत्येक जोडीस निराळा उपाय दिला. संत्रीं व लिंबें मिळालेली जोडी झपाट्यानें सुधारली. तुलनेची ही रीति पूर्णत्वास आली ती १९४८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडांतील क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणींत. औषध इतकें दुर्मिळ होतें कीं सर्वांना तें पुरणें शक्यच नव्हतें. म्हणून कोणास औषध द्यावयाचें व कोणास नुसती विश्रांति, हें बंद पाकिटांतील चिठ्ठीनें ठरविलें. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकीं ४ व न मिळालेल्या ५२ पैकीं १४ रोगी दगावले. चिठ्ठीचें महत्त्व असें कीं, निवड डॉक्टरच्या हातीं राहिली तर तो नकळत बऱ्या प्रकृतीचे रोगी आपल्या आवडत्या औषधाच्या बाजूस घालतो. चिठ्ठीला आवड नसते.

विंचूदंशाच्या बाबतींत पुढचा वाद प्रतिविषाचा होता. घोड्याच्या अंगांत विषाच्या लहान लहान मात्रा घालून त्याच्या रक्तांतून प्रतिविष काढतात. मुंबईस हाफकिनच्या नांवानें चालणाऱ्या संस्थेनें तांबड्या विंचवाचें असें प्रतिविष तयार केलें. प्रॅझोसिन विषाचा परिणाम थोपवितें, तर प्रतिविष प्रत्यक्ष विषालाच पकडतें. तर्कानें पाहतां प्रतिविष श्रेष्ठ ठरावें. परंतु ट्युनिशिया देशांत आठशेंवर रोग्यांवर चाचणी होऊन १९९९ मध्यें निकाल आला कीं प्रतिविष व निष्क्रिय द्रव्य यांत कांहीं फरक दिसत नाहीं. उलट अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत अत्यवस्थ अशा केवळ १५ मुलांवर चाचणी झाली. तिचा निकाल २००९ मध्यें प्रसिद्ध झाला तो असा: प्रतिविष मिळालेलीं आठही मुलें चार तासांत बरीं झालीं, न मिळालेल्या सातांपैकीं एकच. आठशेंवर रोगी एकीकडे, पंधरा मुलें दुसरीकडे, आणि निकाल परस्परविरुद्ध! यांत गूढ फारसें नाहीं. ट्युनिशियाच्या चाचणींत दंश सौम्य कीं तीव्र हें न पाहतां सर्वांना घेतलें होतें, आणि जे आपोआप बरे होणार त्यांच्यावर औषधाचा गुण दिसणार कसा? मांत्रिकाच्या नव्वद माणसांचीच ही गोष्ट. शिवाय देशोदेशींचे विंचू निराळे व त्यांचें विषही निराळें; तेव्हां महाडच्या रोग्यासाठीं उत्तर महाडलाच शोधणें भाग होतें.

तें डॉ. हिंमतराव व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीं शोधलें. या चाचणीची आंखणी वाचण्यासारखी आहे. रोगी निवडले ते मधल्या पायरीचे: विष अंगांत भिनल्याचीं लक्षणें स्पष्ट, पण हृदय, श्वास व मेंदू अजून शाबूत. नुसत्या वेदनेच्या रोग्यांना वगळलें, तसेंच मरणोन्मुखांनाही. अशा ७० रोग्यांचे चिठ्ठीच्या पद्धतीनें ३५-३५ चे दोन गट पडले. एका गटास प्रॅझोसिन, दुसऱ्यास प्रॅझोसिन अधिक प्रतिविष. ज्यास कांहींच औषध नाहीं असा तिसरा गट ठेवला नाहीं. शास्त्रदृष्ट्या तो असता तर तुलना अधिक चोख झाली असती. परंतु प्राण वांचविणारें औषध ठाऊक असतांना तें राखून ठेवून रोग्याकडे पाहत बसणें हें वैद्याचें काम नव्हे. यशाचें मापही अगोदरच ठरविलें होतें: उपचारानंतर दहा तासांत सर्व लक्षणें गेलीं पाहिजेत. माप अगोदर ठरवावयाचें तें याचसाठीं कीं, बाण मारून झाल्यावर त्याच्याभोंवतीं वर्तुळ काढण्याची सोय राहूं नये. मुंबईच्या एका स्वतंत्र नैतिकता समितीनें योजना मान्य केली होती, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २००७ मध्यें उघडलेल्या सार्वजनिक नोंदवहींत तिची नोंदही झाली होती. या नोंदवहींत नोंद करणें १५ जून २००९ पासून सक्तीचें झालें आहे. पूर्वीं फसलेली चाचणी कपाटांत पडून राही व यशस्वी तेवढी छापली जाई; त्या लबाडीस यामुळें बराच आळा बसला.

समितीची संमति मिळाली तरी रोग्याची मिळवावयाची राहतेच, आणि या साऱ्या व्यवसायांतील अवघड जागा हीच. रात्रीं अकराला घामानें निथळणाऱ्या पोराला घेऊन बाप दवाखान्यांत येतो. त्याला चाचणी म्हणजे काय तें ऐकवूं लागावें तर तो म्हणतो, "साहेब, तुम्हीच मायबाप. तुम्हांला योग्य वाटेल तें करा." हा विश्वास खरा असतो, पण तो संमति नव्हे. त्याला हें समजलें पाहिजे कीं दोन उपचारांपैकीं कोणता चांगला तें डॉक्टरलाही अजून ठाऊक नाहीं, निवड चिठ्ठीनें होणार आहे, आणि त्यानें नकार दिला तरी पोराच्या औषधपाण्यांत कांहीं कमी होणार नाहीं. हें सर्व त्याच्या भाषेंत, चार वाक्यांत, घाई न करतां सांगणें ही एक विद्याच आहे, आणि ती पुष्कळ विद्वानांना साधत नाहीं. लिहितां-वाचतां न येणाऱ्याचा आंगठा घ्यावयाचा तर चाचणीशीं संबंध नसलेला त्रयस्थ साक्षीदार समोर लागतो.

असे नियम उगीच झालेले नाहींत. १० जानेवारी १८९७ रोजीं वाल्डेमार हाफकिन यांनीं प्लेगची नवी लस मुंबईस प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली, हें धैर्य खरेंच. पण त्यानंतरची पुढली परीक्षा झाली ती भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांवर. ते आपण होऊन पुढें आले असें म्हणतात. दाराला कुलूप असतांना आपण होऊन म्हणजे किती, हें ज्याचें त्यानें ठरवावें. अलीकडचें उदाहरण २००९-१० चें आहे. आंध्र प्रदेश व गुजरात येथें मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प झाला. आंध्रांतील वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजीं वसतिगृहप्रमुखांच्या सह्या आढळल्या, आणि संसदेच्या समितीनें २०१३ मध्यें त्यावर कडक ताशेरे झाडले. लस गुणकारी कीं नाहीं हा प्रश्न अगदीं निराळा; सही करणाऱ्यास तो अधिकारच नव्हता. २०१९ च्या नव्या नियमांप्रमाणें नैतिकता समितींत निदान सात सभासद लागतात, त्यांतले निम्मे तरी संस्थेबाहेरचे. एक सभासद वैद्यकाचा गंध नसलेला सामान्य मनुष्य असावा लागतो. चाचणींत रोग्यास गंभीर अपाय झाला तर चोवीस तासांत तें कळविणें डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि अपाय चाचणीमुळें झाला असल्यास नुकसानभरपाई द्यावी लागते.

बाकीचें काम दप्तराचें. घाम किती वाजतां थांबला, गोळी किती वाजतां दिली, प्रतिविषाची कुपी कोणत्या थंडाव्यांत होती, हें त्याच क्षणीं, खाडाखोड न करतां लिहावें लागतें. चूक झालीच तर ती दिसेल अशी एक रेघ मारून शेजारीं दुरुस्ती, सही व तारीख. तपासनीस येऊन रोग्याचे मूळ कागद व चाचणीचे तक्ते ताडून पाहतो. कंटाळवाणें काम खरें, पण निकाल उभा राहतो तो याच कागदांवर.

महाडचा निकाल २०११ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें आला. दोन्ही औषधें मिळालेल्या ३५ पैकीं ३२ रोगी दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्रॅझोसिन मिळालेल्या ३५ पैकीं ८. बरें होण्यास पहिल्या गटास सरासरी ८ तास लागले, दुसऱ्यास १७.७ तास. ज्या गोळीनें बावस्करांचें नांव झालें, ती एकटी या तुलनेंत मागें पडली, आणि हें छापून प्रसिद्ध करणारेही तेच दोघे होते. त्यांनीं उणी बाजूही झांकली नाहीं. कोणास काय दिलें हें डॉक्टर व रोगी दोघांनाही ठाऊक होतें, तेव्हां पाहणाऱ्याच्या मनाचा कल निकालांत थोडा उतरण्याचा संभव राहतो. प्रकृति बिघडून वरच्या पायरीस गेलेले रोगी एका गटांत चार व दुसऱ्यांत पांच, म्हणजे जवळजवळ सारखेच. याचा अर्थ, प्रतिविषानें रोगी लवकर बरा होतो इतकें दिसलें. बिघाड टळतो असें या ७० रोग्यांवरून दिसलें नाहीं. दोघांना प्रतिविषाचा त्रासही झाला. घोड्याच्या रक्तांतून काढलेल्या औषधांत तो धोका असतोच.

म्हणून जेथें प्रतिविष व तें देण्याची तयारी दोन्ही आहेत तेथें तीं दोन्ही औषधें बरोबर देणें हितावह. आणि जेथें कुपी मिळत नाहीं अशा डोंगराआडच्या आरोग्यकेंद्रांत प्रॅझोसिनची गोळी वेळ न दवडतां देऊन, रोग्यास उठूं न देतां निजवून ठेवून, रक्तदाब पाहत राहणें हाच उपाय. उठून बसतांच या गोळीनें रक्तदाब एकाएकीं उतरूं शकतो. म्हणून ती घरच्या घरीं देण्याची गोष्ट नव्हे.