बहिणीची सही

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही नावे आज आपल्याला रेल्वे स्थानकांची म्हणून परिचयाची आहेत. मुळात ती गावे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी अशा ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. पुढे साडेबारा टक्के योजनेतून जमीन गेलेल्यांना भूखंड मिळू लागले. मूळ खातेदार हयात नसला की वारसांची नावे लागतात आणि मग सासरी गेलेल्या बहिणीची आठवण होते. पुष्कळदा ती हक्कसोडपत्रावरच्या सहीपुरतीच. पण सही मागावी लागते, याचाच अर्थ तिला हक्क आहे. तो मिळवून देण्याची धडपड कायद्याच्या एका प्राध्यापकाने केली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९३५ ते १९३८ ते तेथे प्राचार्य होते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे मजूर खाते आले आणि १९४७ मध्ये ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री झाले. राज्यघटनेचे त्यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. त्याच काळात त्यांनी हिंदू कोड बिलही हाती घेतले होते.

त्या मसुद्यात मुलीला मुलाइतकाच वाटा होता. शिवाय वडिलोपार्जित मालमत्तेत केवळ मुलग्यांना जन्मतः हक्क देणारी जुनी पद्धतच मोडीत काढायची होती. विरोध जोरदार झाला. सप्टेंबर १९५१ मध्ये बिल बाजूला पडले आणि २७ तारखेला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. आपल्या निवेदनात त्यांनी इतरही कारणे दिली, पण बिलाची झालेली उपेक्षा त्यांत ठळक होती.

पुढे १९५५-५६ मध्ये त्या बिलाचे तुकडे होऊन चार कायदे झाले. १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या कमाईत मुलीला समान वाटा दिला. वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र जुनी पद्धत कायम ठेवली. याचा परिणाम एका हिशेबाने पाहू. आई हयात नाही, वडील, एक मुलगा व एक मुलगी आहेत. वडील वारले की आधी निम्मी जमीन मुलाची धरायची. उरलेली वडिलांची निम्मी दोघांत वाटायची. म्हणजे भावाला बारा आणे, बहिणीला चार आणे.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अटही गेली. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या त्यामुळे मोडत नाहीत.

बहिणीने हक्क सोडूच नये, असे कायदा म्हणत नाही. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, आणि तो निर्णय तिचा आहे. पण नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागाहून रद्द करून घेणे फार कठीण जाते. म्हणून भावांनी तिला कागद वाचून दाखवावा, भूखंडाची किंमत सांगावी, विचाराला वेळ द्यावा. ज्या हक्कासाठी कायदामंत्र्याने पद सोडले, तो निदान न कळता तरी सुटू नये.