देठाजवळची खूण

हिवाळा सरू लागला की नागझिऱ्याच्या जंगलात साग पाने टाकू लागतो. पण वादळात मोडून लोंबकळणारी एखादी हिरवी फांदी नीट पाहा. तिची पाने वाळून चुरचुरीत होतात, तरी फांदीलाच चिकटून राहतात. पान गाळणे हे जिवंत झाडाचे काम आहे. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर झाड स्वतः सैल करते, तेव्हा पान सुटते. फांदीच मेली तर ते काम करणार कोण?

पेशींचेही असेच आहे. मार लागून मेलेली पेशी फुगते, फुटते, आतला ऐवज सांडतो आणि भोवती दाह होतो. आतल्या आदेशाने मरणारी पेशी मात्र आक्रसते, स्वतःची लहान लहान पुडकी बांधते आणि शेजारच्या पेशी ती गिळून टाकतात. ॲबरडीनला एकत्र काम केलेल्या केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली या मरणाला नाव दिले, ‘अपॉप्टोसिस’. शब्द सुचवला तिथल्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी, जेम्स कॉरमॅक यांनी. अर्थ पाने-पाकळ्या गळणे. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगायला नको. आपण पानगळ म्हणतोच. बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, बेडकाच्या पिल्लाची शेपटी जिरते तीही याच पानगळीने.

मग मेलेली पेशी आदेशाने मेली की अपघाताने, हे ओळखायचे कसे? इथे प्रतिपिंड कामी येते, म्हणजे एका ठरावीक खुणेलाच चिकटणारे प्रथिन. पेशीत कॅस्पेस-३ नावाचे प्रथिन निपचित पडलेले असते. आदेश आला की दुसरे कॅस्पेस त्याला एका ठरलेल्या जागी कापते, आणि कापलेले कॅस्पेस-३ मग पेशीतली इतर प्रथिने कापत सुटते. संशोधकांनी असे प्रतिपिंड तयार केले आहे, की ते अखंड कॅस्पेस-३कडे ढुंकूनही पाहत नाही. फक्त कापलेल्या टोकाला चिकटते. पान गळल्यावर फांदीवर देठाचा वण उरतो ना, तो वण ओळखणारी ही नजर आहे. मला या साऱ्या शास्त्रातले हेच सर्वांत सुंदर वाटते.

ही प्रतिपिंडे बनवण्याची एक रीत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिजमध्ये शोधली. प्रतिपिंड तयार करणारी उंदराची पेशी काचपात्रात फार दिवस जगत नाही. म्हणून त्यांनी तिची सांगड कर्करोगाच्या पेशीशी घातली. मरण ओळखणारी कितीतरी प्रतिपिंडे आज अशा, मरण विसरलेल्या पेशींकडून मिळतात. पेशी काचपात्रात वाढवण्याची भारतातली पहिली प्रयोगशाळा उभारली ती पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी, मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात.

प्रतिपिंड चुकतेही; भलत्याच प्रथिनाला चिकटते. त्यामुळे शेजारी दोन नमुने हवेतच, एक धडधाकट पेशींचा आणि एक औषध घालून मुद्दाम मरणाला लावलेल्या पेशींचा. ही पडताळणी नसेल तर निकालावर विश्वास ठेवू नये.

विदर्भात गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बसलेली तरुण मुले दिसतात, तेव्हा जीव कासावीस होतो. तंबाखूने पेशीच्या जनुकांना इजा झाली की पी५३ हे प्रथिन तिला थांबवते आणि दुरुस्ती होईना तर मरणाचा आदेश देते. तोंडाच्या अनेक कर्करोगांत पी५३चेच जनुक बिघडलेले असते. पान किडते, पण गळत नाही.

बीसीएल-२ची गोष्ट वेगळी. हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. निरोगी लसीकाग्रंथीतल्या ज्या केंद्रांत बहुतेक पेशी मरायच्याच असतात, तिथे बीसीएल-२ला चिकटून तपकिरी रंगाची खूण देणारे प्रतिपिंड लावले तर काचपट्टीवर ती केंद्रे कोरी दिसतात. फॉलिक्युलर लिम्फोमा या कर्करोगात तीच बहुधा तपकिरी रंगाने भरून जातात, आणि निदान करणाऱ्या डॉक्टरला मोठा धागा मिळतो. याच प्रथिनाला अडवणारी व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी २०१६ साली अमेरिकेत मंजूर झाली. रक्ताच्या काही कर्करोगांत ती दिली जाते. अडून बसलेल्या पेशीचा देठ ती सैल करते.